मोठ्या लाटा, वायमेआ आणि मी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईतल्या ओआहू बेटावर राहायला येऊन मला 17 वर्षं झाली. माहेर देवगड. सुट्टीत घरी गेले की चहा कपात ओतायच्या आधीच माझ्या सर्फिंगबद्दल, म्हणजे बोर्डवर उभं राहून समुद्राच्या लाटेवरून घसरण्याबद्दल, प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं तेच प्रश्न पुण्या-मुंबईहून, दुबईहून, न्यू जर्सीहूनही येतात, काही ओळखीच्यांकडून, काही अनोळखी मराठी माणसांकडून. फोनवर दोन ओळींत उत्तर लिहून त्यांचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून एकदाच बसून सविस्तर लिहिते आहे.

वायमेआ नेमकं आहे कुठे?

हवाई बेटांपैकी ओआहूवर होनोलुलु शहर आहे, ते दक्षिणेला. उत्तरेकडच्या किनाऱ्याला सगळे नॉर्थ शोअर म्हणतात. हालेइवा गाव मागे टाकून कामेहामेहा हायवेने पुढे निघालं की एका वळणावर खाली अचानक अर्धगोल किनारा दिसतो. ती वायमेआ बे. अक्षांश म्हणाल तर आपल्या नंदुरबारच्या किंचित वर. त्यामुळे आंबा आहे, चाफा आहे, वड आहे आणि सकाळी साळुंक्यांचा कलकलाट आहे. ही साळुंकी 19व्या शतकात भारतातूनच इकडे आणली गेली. पहिल्या वर्षी घरची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा, तेव्हा मला सावरलं ते त्या साळुंक्यांनी.

उन्हाळ्यात वायमेआ म्हणजे तळं असतं. पोरं खडकावरून पाण्यात उड्या मारतात, आज्या कमरेइतक्या पाण्यात गप्पा मारत उभ्या असतात. तीच जागा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ओळखू येत नाही.

मोठी लाट म्हणजे किती मोठी?

इथे एक गोंधळ आधी मिटवायला हवा. हवाईची माणसं लाट पाठीमागून मोजतात, म्हणजे समुद्राच्या बाजूने. त्यांनी "20 फूट" म्हटलं की पुढून, सर्फरच्या बाजूने, तीच लाट साधारण 40 फुटांची असते. चार मजली इमारत. 15 फुटांच्या खाली वायमेआचा खरा माथा नीट फुटतही नाही. लोक म्हणतात, वायमेआ अजून झोपलेली आहे.

एवढ्या लाटा येतात कुठून? वारा तर दिसत नाही.

वारा फार दूर वाहून गेलेला असतो. हिवाळ्यात उत्तर प्रशांत महासागरात, अल्यूशन बेटांच्या आसपास, प्रचंड वादळं होतात. तो वारा शेकडो किलोमीटर पाण्यावर दोन-तीन दिवस घासत राहिला की पाण्यात ऊर्जा साठते आणि ती वादळ सोडून प्रवासाला निघते. वाटेत लाटांची चाळण होते. आखूड लाटा मागे पडतात, लांब लाटा पुढे निघतात. दोन माथ्यांमधलं अंतर सेकंदांत मोजतात. 20 सेकंदांची लाट असेल तर तिची ऊर्जा खोल समुद्रातून तासाला साधारण 56 किलोमीटर वेगाने येते. वादळ 3000 किलोमीटरवर असेल तर दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ.

आणि ही गोष्ट मला अजूनही थक्क करते: त्या समूहातली एकेक लाट याच्या दुप्पट वेगाने पळत असते. ती समूहाच्या तोंडाशी येऊन विरते आणि मागे नवी जन्मते. म्हणजे वादळातून निघालेली लाट तुमच्यापर्यंत पोचतच नाही, पोचतो तो तिचा वारसा.

हवाईला खंडाचा उथळ उंबरठा नाही. खोल समुद्रातून बेटं सरळ वर उठली आहेत, त्यामुळे लाट वाटेत थकत नाही. खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट उरली की तिचा पाया अडतो, माथा पुढे धावतो आणि ती फुटते.

लाट येणार हे आधी कसं कळतं?

कवाई बेटाच्या वायव्येला समुद्रात 51001 क्रमांकाचा एक बोया तरंगतो. तो उंची आणि सेकंद कळवत राहतो. तिथे आकडा चढला की साधारण आठ तासांत वायमेआला लाट. आमच्याकडे हिवाळ्यात लोक रात्री उठून बोयाचा आकडा बघतात, जसं कोकणात पावसाळ्यात रात्री उठून नदीचं पाणी बघतात.

पण आकड्याआधी मला कळतं ते काचांवरून. मी सुरुवातीची दोन वर्षं हालेइवाला भाड्याच्या घरात राहिले. एका रात्री खिडकीची तावदानं बारीक थरथरायला लागली. थांबायची, पुन्हा थरथरायची. मला वाटलं भूकंप. मालकीणबाई, त्यांना आम्ही सगळे आंटी म्हणायचो, अंगणात शांत उभ्या होत्या. म्हणाल्या, "ऐक. आली." सकाळी गाडीच्या काचेवर मिठाचा पांढरा थर होता. बोटाने त्यावर रेघ ओढता येत होती.

तुम्ही स्वतः वायमेआला लाट घेतली आहे का?

हो. सगळ्या आयुष्यात सात. पहिलीबद्दल सांगते.

मी सर्फिंग शिकले 29व्या वर्षी, होनोलुलुच्या वायकीकी किनाऱ्यावर, कमरेइतक्या लाटांवर, दारासारख्या रुंद बोर्डवर. नॉर्थ शोअरला छोट्या दिवशी जायला लागले ते चार वर्षांनी. आणि वायमेआला पहिले तीन हिवाळे मी एकही लाट घेतली नाही. चॅनलमध्ये, म्हणजे जिथे पाणी खोल असतं आणि लाट फुटत नाही त्या बाजूला, बोर्डवर बसून नुसती बघत राहायचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इथली जुनी माणसं असंच करतात हे नंतर कळलं. कुठला खडक कुठल्या झाडाच्या रेषेत आला की आपण बरोबर जागी आहोत, सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट, कुठून वळून येतो, शांत वेळ किती टिकते, हे सगळं बसून कळतं.

चौथ्या हिवाळ्यातला जानेवारी. 15 फुटांचा दिवस, वायमेआ जेमतेम जागी. माझा बोर्ड साडेनऊ फुटी, निमुळता, जुना. मोठ्या लाटांच्या अशा बोर्डला गन म्हणतात. शेजारी एक अंकल बसले होते, सत्तरीच्या पुढचे. (हवाईत वडीलधाऱ्यांना अंकल, आंटी म्हणायची रीत आहे, अगदी आपल्यासारखी. नावाने हाक मारली तर उद्धट दिसतं.) क्षितिजावर एक गडद रेघ उठली. मग तिच्यामागे दुसरी. सगळे बाहेरच्या दिशेने हात मारायला लागले. पहिली लाट आमच्याखालून गेली, आम्ही वर चढलो आणि पलीकडे उतरलो. दुसरी दिसली तेव्हा अंकल माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही तुझी आहे, बेटी. मागे वळून बघू नकोस." "बेटी" हा माझ्या कानांचा अनुवाद. त्यांनी म्हटलं होतं "गर्ल", पण आवाज बेटी म्हणणारा होता.

मी बोर्ड वळवला. हात मारले. आधी काहीच झालं नाही, मग मागून कोणीतरी बोर्ड उचलल्यासारखा झाला आणि समोरचा किनारा एकदम खाली गेला. लाटेच्या पोटावरून वारा वर चढत असतो, तो फवारा उडवून डोळ्यांत भरतो. दोन क्षण काही दिसलं नाही. उभी राहिले ती आंधळेपणीच. मग डोळे उघडले आणि पायाखाली हिरवी, कडक, बारीक वळ्या पडलेली उतरण होती. तिच्यावरून बोर्ड खडखडत होता, खडीच्या रस्त्यावर सायकल खडखडते तसा. खालचा तळ येतच नव्हता. आवाज सगळ्यात शेवटी आला, मागून, छातीत. मी उजवीकडे झुकले, पांढरा फेस डाव्या खांद्याशी आला आणि मागे राहिला. मग पाणी सपाट झालं, बोर्ड मंदावला आणि मी चॅनलमध्ये होते.

एकूण वेळ दहा-बारा सेकंद. चॅनलमधले चार-पाच जण ओरडत होते, एकाने शीळ घातली. मी बोर्डवर पालथी पडून रडले. पाच मिनिटांनी अंकल पुढच्या लाटेवरून आले, पाण्यात हात बुडवून माझ्या डोक्यावर ओंजळभर पाणी टाकलं आणि पुन्हा बाहेर गेले.

त्या लाटेला आता नऊ वर्षं झाली. भाजी चिरताना मध्येच ती येते. ऑफिसात फाइल उघडताना येते. मी तिला बोलावत नाही.

"अगो, पण तुका थंय गावता काय?" (देवगडची मावशी. म्हणजे, तुला तिथे मिळतं काय?)

मावशीने हे विचारलं तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण एका वाक्यात सापडत नव्हतं. आता सांगते, मावशी.

लोकांना वाटतं आनंद धाडसाचा असतो. माझ्यासाठी तसं नाही. माझा आनंद बराचसा बसण्यात आहे. पहाटे सहाला पाण्यात सात-आठ माणसं बसलेली असतात, एकमेकांपासून दोन-तीन हातांवर. कोणी बोलत नाही. प्रत्येकाला माहीत असतं की शेजारचा पडला तर आपण बघणार आहोत, आणि आपण पडलो तर तो बघणार आहे. आयुष्यात इतर कुठे मी इतक्या थोड्या ओळखीच्या माणसांवर इतका भरवसा टाकलेला नाही. लाट येते ती त्या भरवशावर येते. अंकलनी "ही तुझी" म्हटलं नसतं तर ती लाट माझी झालीच नसती.

दुसरं, त्या दहा सेकंदांत मनात काहीही नसतं. कर्ज नाही, व्हिसा नाही, आईचा रक्तदाब नाही. ते रिकामेपण मला प्रार्थनेच्या जवळचं वाटतं.

भीती वाटत नाही?

वाटते. ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मी पाण्यात जाणार नाही. माझे आजोबा मासेमारीला जायचे. ते आम्हा पोरांना एकच नियम शिकवायचे: समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. हवाईला आल्यावर पहिल्याच आठवड्यात किनाऱ्यावरच्या पाटीवर शब्दशः तेच वाचलं. वायकीकीला सर्फिंग जगभर नेणाऱ्या ड्यूक कहानामोकूंचा पुतळा आहे, समुद्राकडे पाठ केलेला, आणि 1990 साली तो उभारल्यापासून लोक म्हणत आले आहेत की ड्यूक असे कधीच उभे राहिले नसते. आजोबांनाही तो पुतळा आवडला नसता.

पडल्यावर काय होतं?

सहाव्या आणि सातव्या लाटेच्या मध्ये मी एकदा वाईट पडले, म्हणून हे ऐकीव सांगत नाही.

उतरणीवरच्या एका वळीवर बोर्डचं टोक अडकलं. मी पुढे फेकले गेले, पाण्यावर आपटून दगडासारखी उसळले आणि मग लाटेने मला वर ओढून घेऊन पुन्हा खाली टाकलं. आत सगळं आधी पांढरं, मग हिरवं, मग काळं. वर कुठे, खाली कुठे कळत नाही. झगडायचं नाही हे शिकवलेलं असतं, कारण झगडलं की श्वास संपतो. हातपाय गोळा करून घ्यायचे आणि मोजायचं. मी मनात मराठीत मोजत होते. नऊला वाटलं सुटले, पण नाही. चौदाला दोरी, म्हणजे पायाला बोर्ड बांधणारा लिश, तटकन तुटला. सतराला डोकं बाहेर आलं. फेस इतका दाट होता की तोंड उघडल्यावर हवेऐवजी फेसच आत गेला. आणि समोर दुसरी लाट. पुन्हा आत.

त्यातून वर आले तेव्हा एक जीवरक्षक जेट-स्कीवर दहा फुटांवर होता. त्याने ओरडून हात पुढे केला, मी मागच्या फळीवरची मूठ धरली, आणि आम्ही निघालो. किनाऱ्यावर त्याने माझे डोळे तपासले, नाव विचारलं, आजची तारीख विचारली आणि पुढच्या माणसासाठी परत पाण्यात गेला. मी त्याचे आभार मानले ते दुसऱ्या दिवशी, केळफुलाची भाजी घेऊन. त्याने ती तिथेच उभ्याने खाल्ली.

जेट-स्कीमागे अशी फळी बांधून माणसं उचलायची पद्धत हवाईच्याच जीवरक्षकांनी बसवली, ब्रायन केऔलाना यांच्या पुढाकाराने. आता हवेने फुगणारे जाकीटही असते, दोरी ओढली की गॅसच्या नळीने फुगून माणसाला वर आणते. त्या दिवशी माझ्याकडे ते नव्हतं. आता त्याशिवाय जात नाही.

श्वास रोखायचा सराव एकट्याने करू नका, पोहण्याच्या तलावात तर अजिबात नाही. पाण्याखाली शुद्ध हरपते आणि त्याआधी काहीही जाणवत नाही. सरावाला शेजारी कोणीतरी लागतंच.

गाड्यांवर "एडी वुड गो" लिहिलेलं दिसतं. हा एडी कोण?

एडी आयकाऊ. याच्याबद्दल लिहिताना मला वेळ लागतो.

जन्म 1946, माऊई बेटावर. पुढे कुटुंब ओआहूला आलं. 1967च्या हिवाळ्यात वायमेआच्या मोठ्या लाटांवर हा पोरगा दिसला आणि सगळे बघत राहिले. 1968 साली त्याला नॉर्थ शोअरचा पहिला अधिकृत जीवरक्षक नेमलं. तेव्हा जेट-स्की नव्हती. बोर्ड, पोहायचे फिन आणि स्वतःचे हात, एवढंच. त्याने 500च्या वर माणसं बाहेर काढली असं मानलं जातं. इतर कोणी पाण्यात उतरायला धजावत नसताना एडी जायचा, त्यावरून ते तीन शब्द आले: एडी गेला असता.

1978च्या मार्चमध्ये होकुलेआ ही पारंपरिक दुहेरी नाव होनोलुलुहून ताहितीकडे निघाली. यंत्र नाही, होकायंत्र नाही, वाट ताऱ्यांवरून काढायची. एडी त्या नावेवर होता. पहिल्याच रात्री मोलोकाईच्या सामुद्रधुनीत वादळात नाव उलटली. सगळे उलट्या सांगाड्याला धरून तरंगत राहिले. सकाळी एडीने बोर्ड घेतला आणि मदत आणायला लानाई बेटाच्या दिशेने निघाला. बाकी सगळे त्याच दिवशी रात्री वाचले. एडी पुन्हा दिसला नाही. वय 31.

मोठ्या लाटांच्या या सगळ्या विश्वात सर्वात आदराचं नाव एका जीवरक्षकाचं आहे, आणि त्याचं जाणंही कोणालातरी वाचवायला जाताना झालं. मावशीला दिलेलं उत्तर मला एडीमुळेच सापडलं.

होकुलेआ म्हणजे आनंदाचा तारा. तो तारा म्हणजे आपली स्वाती. हवाईच्या बरोबर डोक्यावरून जातो, म्हणून जुन्या दर्यावर्दींना घर सापडायचं ते त्याच्यावरून.

एडीच्या नावाची स्पर्धा दर वर्षी का होत नाही?

कारण लाट 20 फुटांची, हवाईच्या मापाने, आणि दिवसभर टिकणारी हवी. नसेल तर त्या वर्षी स्पर्धा नाही. दर हिवाळ्याच्या सुरुवातीला सर्फर फुलांचे हार घालून बोर्ड घेऊन येतात, प्रार्थना होते, सगळे पाण्यात वर्तुळ करतात, आणि मग तीन महिने वाट बघायची. 2009नंतर थेट 2016, मग 2023, मग डिसेंबर 2024. 2016च्या 10 फेब्रुवारीला तर सगळं गाव पहाटेपासून जमलं होतं आणि सकाळी जाहीर झालं की आज नाही. स्पर्धा 25 तारखेला झाली. जॉर्ज डाउनिंग अनेक वर्षं हा निर्णय द्यायचे. दिवस वायमेआ ठरवते, हे त्यांचं म्हणणं आता इथल्या बोलण्यात रुळलं आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या वर काढलेल्या असतात, त्या वाट बघण्याशी याचं नातं मला लगेच कळलं.

2023 ची स्पर्धा ल्यूक शेपर्डसनने जिंकली. त्या दिवशी तो वायमेआच्या मनोऱ्यावर जीवरक्षक म्हणून ड्युटीवर होता. सुट्टी मागून पाण्यात उतरायचा, लाटा घ्यायचा आणि परत मनोऱ्यावर जाऊन बसायचा. निकाल लागला तेव्हा माझ्या आजूबाजूची मोठमोठी माणसं रडत होती.

हा खेळ अमेरिकनांनीच सुरू केला ना?

नाही. हेए नालू, म्हणजे लाटेवरून घसरणं, हे मूळ हवाईयन लोकांचं आहे आणि फार जुनं आहे. 1779 साली कॅप्टन कुकच्या ताफ्यातल्या जेम्स किंगने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सरदारांसाठी विलिविली लाकडाचे लांबलचक ओलो बोर्ड असायचे, इतरांसाठी पातळ आलाइया. 19व्या शतकात साथींमध्ये हवाईयन लोकसंख्या भयंकर घटली, मिशनऱ्यांना हा खेळ रुचत नव्हता, आणि तो जवळजवळ विझला. तो पुन्हा जगभर नेण्यात ड्यूक कहानामोकूंचा वाटा सर्वात मोठा. त्यांनी 1912 आणि 1920 च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण मिळवलं होतं. 1925 साली कॅलिफोर्नियात बोट उलटली तेव्हा बोर्डवरून फेऱ्या मारत त्यांनी आठ जणांना बाहेर काढलं. बघा, पुन्हा तेच.

वायमेआला मात्र बरीच वर्षं कोणी हात लावत नव्हतं. 1943 च्या डिसेंबरात डिकी क्रॉस हा तरुण तिथे बुडाला, त्याची धास्ती होती. 1957 च्या नोव्हेंबरात ग्रेग नोल आणि काही मित्र उतरले आणि तेव्हापासून हे सुरू आहे.

बायका जातात का एवढ्या लाटांवर?

जातात. जुन्या हवाईत राजघराण्यातल्या स्त्रिया सर्फिंग करायच्या. राजकन्या काइउलानीचा बोर्ड होनोलुलुच्या बिशप म्युझियममध्ये आहे, जाऊन बघा. ब्राझीलची माया गबेइरा 2013 साली पोर्तुगालच्या नाझरेला जवळजवळ बुडाली होती. तिने तिथेच 2020 च्या फेब्रुवारीत 73.5 फुटांची लाट घेतली. आणि एडीच्या स्पर्धेत स्त्रिया पहिल्यांदा उतरल्या त्या 2023 साली. मी त्या दिवशी वाळूवर होते. पहिली बाई लाटेच्या माथ्यावर उभी राहिली तेव्हा माझा आवाज बसला तो दोन दिवस बसलेलाच होता.

जगातली सर्वात मोठी लाट वायमेआची का?

नाही, नाझरेची. तिथे समुद्राखाली प्रचंड घळई आहे, ती थेट किनाऱ्याजवळ येते आणि लाटा एकत्र आणून उंच करते. जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉइट्नरने ऑक्टोबर 2020 मध्ये तिथे 86 फुटांची लाट घेतली. इतक्या वेगवान लाटा हाताने पकडता येत नाहीत, जेट-स्कीने ओढून न्यावं लागतं. मला हाताने पकडलेली लाट जास्त जवळची वाटते, ही माझी आवड.

कोकणात किंवा गोव्यात अशा लाटा मिळतील?

अशा नाहीत. आपल्या पश्चिम किनाऱ्यापुढे समुद्र दूरपर्यंत उथळ आहे, लाट तिथेच जोर गमावते. पावसाळ्यातल्या लाटा मोठ्या दिसतात पण त्या जवळच्या वाऱ्याच्या असतात, विस्कळीत आणि ओढाळ. जून-जुलैत मच्छीमार होड्या वर काढतात ते उगाच नाही. त्या दिवसांत कोणीही बोर्ड घेऊन उतरू नये, ही हात जोडून विनंती.

पण शिकण्यासाठी पावसाळा सोडून गोवा उत्तम आहे, अश्वे आणि मोरजीला शिकवणारे आहेत. कर्नाटकात मुल्की, तमिळनाडूत कोवलम ही तर भारतीय सर्फिंगची माहेरघरं.

माझं वय 42. उशीर झाला का?

मोठ्या लाटांना बहुधा हो. लाटांना नाही. आधी समुद्रात पोहायला शिका, तलावातलं पोहणं पुरत नाही. मग कमरेइतक्या पाण्यात रुंद बोर्ड. पहिल्यांदा उभे राहाल त्या दोन सेकंदांत मला वायमेआला मिळालं त्यातलं बरंचसं मिळेल, हे मी मनापासून सांगते आहे.

एखादा सर्फर वारला तर?

सगळे बोर्ड घेऊन बाहेर जातात, गळ्यात चाफ्याचे, झेंडूचे हार घालून. पाण्यात मोठं वर्तुळ करतात, हात धरतात. कोणीतरी दोन शब्द बोलतं. अस्थी पाण्यात सोडतात, हार सोडतात, मग तळहातांनी पाणी उडवत सगळे एकदम ओरडतात.

"ही तुझी" म्हणणारे अंकल तीन वर्षांपूर्वी गेले, घरी, झोपेत. आम्ही साठ-सत्तर जण होतो. मी अंगणातल्या चाफ्याचा हार ओवला होता. आपल्याकडे बायकांना अशा वेळी मागे ठेवतात. इथे त्यांच्या मुलीने मला हाताला धरून वर्तुळात आपल्या शेजारी घेतलं. माझ्या ओंजळीतून थोडी राख गेली. समुद्र त्या दिवशी तळं होता.

बघायला यायचं तर काय करावं?

डिसेंबर किंवा जानेवारीत या आणि तारखा मोकळ्या ठेवा. मोठा दिवस असला तर पहाटे चारला निघा, नाहीतर हायवेवर गाडी हलत नाही. वाळूवर पुढे जाऊन उभे राहू नका. 2023 ला पाणी थेट बघ्यांमध्ये घुसलं आणि माणसं वाहून जाता जाता वाचली. वरच्या रस्त्याच्या कठड्यापाशी जागा धरा. दुर्बीण आणा, कोरडा टॉवेल आणा, थर्मासात चहा आणा.

अंधारात पोचलात की काही दिसणार नाही. चपला काढून जमिनीवर उभे राहा. लाट फुटली की ती आधी तळव्यांना कळते, मग कानाला. जानेवारीत उजाडायच्या सुमाराला मान वर केलीत तर जवळजवळ बरोबर डोक्यावर एक नारिंगी तारा असेल. तीच स्वाती. ती फिकट व्हायला लागली की खाली पाण्यात बोर्डांवर बसलेली माणसं एकेक करून दिसायला लागतात.